दंड रुपयांत नको, दिवसांत मोजा

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरची कोर्टाची बातमी बहुतेक वेळा एकाच वाक्याने संपते: ‘दंड न भरल्यास आणखी एक महिन्याचा साधा कारावास.’ वाचणारा ते वाक्य सोडून पुढच्या बातमीकडे जातो. खिशात पैसे असणाऱ्यासाठी ते नसल्यातच जमा आहे. सालगड्यासाठी, रोजीने निंदण-वेचणीला जाणाऱ्या बाईसाठी मात्र खरी शिक्षा त्याच वाक्यात असते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. काही गुन्ह्यांचे दंड वाढले, सहा गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा जोडली गेली, पण हे वाक्य तसंच राहिलं. काही देशांनी यावर सुमारे शंभर वर्षांपूर्वीच एक उपाय काढला होता. दंडाचा आकडा कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवायचा नाही, तो माणसाच्या उत्पन्नावरून काढायचा. विदर्भातल्या गावात हे जमेल का, आणि कुठे अडेल, ते पाहू.

दंड आणि तुरुंग यांचं आजचं नातं

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. दंड भरला नाही म्हणून होणारी कैद ही गुन्ह्याची शिक्षा मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या शांतीलाल खटल्यात आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच शरद हिरू कोळंबे खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. ती पैसे न भरल्याबद्दलची कैद आहे. म्हणूनच ती मूळ शिक्षेसोबत एकत्र भोगता येत नाही, मूळ शिक्षा संपल्यावर वेगळी भोगावी लागते. खटला चालू असताना आत काढलेले दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, या कैदेतून होत नाहीत. एखाद्याने सात महिने आत काढले, शिक्षा सहा महिन्यांची लागली, तरी दंडाचे पैसे नसतील तर तो बाहेर येत नाही. घरच्यांना हे कोणी समजावून सांगत नाही. ते ‘शिक्षा तर भोगून झाली’ म्हणत जेलच्या दारात उभे राहतात.

या कैदेची कमाल मुदत न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये आहे. गुन्ह्याला फक्त दंड किंवा समाजसेवा एवढीच शिक्षा असेल, तर ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला जास्तीत जास्त दोन महिने, १०,००० पर्यंतच्या दंडाला चार महिने, त्यापुढे एक वर्ष. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील, तर कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापर्यंत. मग दंड हजाराचा असो की पन्नास हजारांचा.

आता हिशेब करा. ५,००० रुपयांना ६० दिवस, म्हणजे तुरुंगातल्या एका दिवसाची किंमत झाली सुमारे ८३ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. बाहेर ३१२ चा माणूस आत गेला की कायदा त्याचा दिवस ८३ ला धरू शकतो. प्रत्येक न्यायाधीश कमाल मुदत देतो असं नाही, पण कायद्याने दार तेवढं उघडं ठेवलं आहे. जुन्या संहितेत हेच दोन महिने ५० रुपयांच्या दंडाला होते. तो आकडा १८६० चा होता आणि २०२४ पर्यंत चालला. रुपयांत लिहिलेला दंड असाच शिळा होतो. २०२३ च्या जनविश्वास कायद्यात काही दंडांची किमान रक्कम दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढण्याची सोय केली, तीही याच कारणाने.

एकच रक्कम, तीन घरं

दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

शेतमजूर वर्षातले १८० दिवस काम मिळवतो आणि रोजी ४०० रुपये पडते असं धरू. वर्षाचे ७२,०००, महिन्याला सरासरी ६,०००. दहा हजारांचा दंड म्हणजे त्याची पन्नास दिवसांची पूर्ण कमाई. खाणंपिणं, पोरांची वही, आईचं औषध, सगळं थांबवून. महिना ६३,००० हातात पडणाऱ्या शिक्षकाचे हेच दहा हजार पाच दिवसांतही निघतात. महिना १,५३,००० कमावणाऱ्या ठेकेदाराचे दोन दिवसांत. गुन्हा तोच, रस्त्यावरचा धोकाही तोच. मजूर सावकाराकडून उचल घेतो, बकरी विकतो किंवा आत जातो. ठेकेदार पावती घडी करून खिशात ठेवतो आणि संध्याकाळी पुन्हा गाडी काढतो. त्याला धाक बसलाच नाही. ठरावीक दंडाचा हा दुसरा दोष कमी बोलला जातो: गरिबाला तो चिरडतो आणि श्रीमंतापुढे कायद्याला दुबळा करतो.

रोजदंड कसा काढतात

या पद्धतीला इंग्रजीत ‘डे फाइन’ म्हणतात. या लेखात ‘रोजदंड’ म्हणू. न्यायाधीश दोन प्रश्न वेगवेगळे सोडवतो. पहिला, गुन्हा किती मोठा? याचं उत्तर दिवसांत येतं. इथे आरोपी गरीब की श्रीमंत हे बघायचंच नाही. दुसरा, या माणसाचा एक दिवस किती रुपयांचा? याचं उत्तर उत्पन्नातून येतं. इथे गुन्ह्याकडे बघायचं नाही. दोन्हींचा गुणाकार म्हणजे दंड.

जनावरांचा डॉक्टर जंताचं औषध वजन पाहून देतो. कालवडीला जेवढं, तेवढंच बैलाला पाजलं तर एक तर कालवड मरेल किंवा बैलाला काही होणार नाही. असर सारखा व्हावा म्हणून मात्रा बदलावी लागते.

फिनलंडने ही पद्धत १९२१ मध्ये आणली, स्वीडनने १९३१ मध्ये, डेन्मार्कने १९३९ मध्ये. जर्मनीत ती १९७५ पासून आहे. फिनलंडचं सूत्र सोपं आहे: कर वजा जाता महिन्याचं उत्पन्न घ्या, जगण्यासाठी म्हणून त्यातून २५५ युरो सोडा, उरलेल्याला ६० ने भागा. महिना तीस दिवसांचा असून भागाकार साठने, कारण दिवसाची अर्धीच कमाई घ्यायची आणि अर्धी घराला ठेवायची. पोसायची माणसं असतील तर आणखी सूट. २०२३ मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांवर ५० च्या हद्दीत ताशी ८२ किलोमीटरने गाडी हाकणाऱ्या एका उद्योगपतीला १,२१,००० युरो दंड झाला, तो याच सूत्राने. जर्मनीत गुन्ह्याला ५ ते ३६० रोज लागतात आणि एक रोज १ युरोपासून ३०,००० युरोपर्यंत असू शकतो.

हेच सूत्र वरच्या तीन घरांना लावू. जगण्यासाठी महिना ३,००० सोडले आणि गुन्हा दहा रोजांचा धरला (दोन्ही आकडे केवळ समजण्यासाठी). मजूर: ६,००० वजा ३,०००, भागिले ६०, रोज ५० रुपये, दंड ५००. शिक्षक: ६०,००० भागिले ६०, रोज १,०००, दंड १०,०००. ठेकेदार: दीड लाख भागिले ६०, रोज २,५००, दंड २५,०००. तिघांनाही दहा दिवस चिमटा बसेल. मजूर ५०० रुपये कसेबसे पण भरू शकतो. आणि भरता आलं की शेवटच्या त्या वाक्याची वेळच येत नाही.

शेतीचं उत्पन्न कळणार कसं?

सगळ्यात रास्त आक्षेप हा आहे, आणि ही पद्धत इथे फसली तर याच जागी फसेल. फिनलंडमध्ये करखात्याची नोंद पोलिसाला लगेच मिळते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, मजूर विवरणपत्र भरत नाही, आणि मजुरी रोख मिळते.

तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर विसंबणं हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि सगळ्यात चुकीचा. शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावरचा आकडा आणि दारातला ट्रॅक्टर यांचा मेळ किती ठिकाणी बसतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शिधापत्रिकेचंही तेच. पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला १५,००० आणि केशरीची एक लाख. ते आकडे आजच्या कमाईबद्दल फारसं सांगत नाहीत. शिवाय कार्ड घराचं असतं आणि दंड माणसाला होतो.

सातबारा नुसता पाहिला तर उलटी चूक होते. कोरडवाहू पाच एकर कपाशी धरा, एकरी सहा क्विंटल, भाव ७,५००. हातात आले सव्वादोन लाख. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी मिळून दीड लाख गेले, तर उरले पंचाहत्तर हजार. महिन्याला ६,२५०, म्हणजे जवळपास मजुराइतकेच. बोंडअळी किंवा ऑक्टोबरातला पाऊस आला तर तेही नाही. ‘पाच एकरांचा कास्तकार’ म्हणून त्याला शिक्षकाच्या रांगेत बसवलं तर रोजदंड ठरावीक दंडापेक्षाही वाईट ठरेल. जमीन बापाच्या नावावर आणि कसतो मुलगा, जमीन नावावर पण ठोक्याने दुसऱ्याला दिलेली, सातबारावर पाच भाऊ आणि वाटणी तोंडी, हे तर घरोघरी आहे.

मग करायचं काय? एक, उत्पन्न एका महिन्याचं घ्यायचं नाही. वेचणीच्या हंगामात मजुराकडे पैसा दिसतो, मार्च-एप्रिलात चूल थंड असते. पूर्ण वर्षाचं घेऊन बाराने भागायचं. शेतकऱ्याचं तीन वर्षांचं सरासरी घेतलं तर अधिक बरं. दोन, खर्च वजा करूनच मोजायचं. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं याचा दर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. तोच दर खर्चाचा अंदाज म्हणून वापरता येईल, आणि पेरा ई-पीक पाहणीत नोंदलेला असतो. तीन, अगदी बिनचूक आकड्याच्या मागे लागायचं नाही. पाच-सहा टप्पे पुरेत: भूमिहीन मजूर आणि सालगडी, अल्पभूधारक कोरडवाहू, ओलिताचा मध्यम शेतकरी, पगारदार, मोठा बागायतदार आणि व्यापारी-ठेकेदार. वरुड-मोर्शीकडचा दहा एकर संत्र्याचा मालक कोणत्या टप्प्यात आणि झरी-जामणीचा दोन एकर कोरडवाहूवाला कोणत्या, हे ठरवायला हिशेबनीस लागत नाही. चार, आरोपीने शपथपत्रावर उत्पन्न सांगायचं. ते खोटं वाटलं तर सरकारी वकिलाने बाजार समितीतल्या विक्रीच्या पावत्या, बँक खातं, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रं मागायची. जर्मनीत न्यायाधीशाला उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे.

मोठा मासा लपवाछपवी करेलच. पण आज तर त्याला काही लपवायचीही गरज पडत नाही.

घरी बसून घर सांभाळणाऱ्या, स्वतःची कमाई नसलेल्या बाईचा रोज किती? नवऱ्याच्या कमाईवरून काढू नये. तिच्यासाठी किमान रोज ठेवायचा, वीस रुपये म्हणा.

गुन्हा एक आणि रक्कम वेगळी, हा भेदभाव नाही का?

कैदेची शिक्षा आपण दिवसांत देतो, कारण दिवस सगळ्यांचा चोवीस तासांचा. रुपया तसा नाही. रोजदंडात शिक्षा सारखीच राहते, दहा दिवस म्हणजे दहा दिवस. फक्त ती वसूल करण्याचं माप बदलतं. राज्यघटनेचं कलम १४ वेगळ्या परिस्थितीतल्या माणसांना सरसकट एकाच मापाने मोजायला सांगत नाही. आयकराचे टप्पे त्याच आधारावर उभे आहेत.

‘पैसेवाला पैसे फेकून सुटेल’

कोणते गुन्हे यात घालायचे, यावर हे अवलंबून आहे. खून, बलात्कार, ॲट्रॉसिटी, घरातली मारहाण यांना रोजदंड नकोच. रोजदंड तिथे हवा जिथे आज कायदा ‘कैद किंवा दंड’ म्हणतो: किरकोळ चोरी, दारू पिऊन धिंगाणा, जुगार, बेदरकार गाडी, बांधावरची किरकोळ झटापट. या गुन्ह्यांत पैसेवाला आजही पैसेच भरून सुटतो, आणि तेही स्वस्तात. रोजदंडात त्याला ते महाग पडेल.

दारूच्या गुन्ह्यांबद्दल मात्र सावध राहायला हवं, कारण वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत हा रोजचा प्रश्न आहे. नवऱ्याचा दंड बायको भरते. बचत गटातून कर्ज काढून, नाहीतर कानातलं गहाण ठेवून. दंड कमी झाला तर तिचंच ओझं कमी होईल हे खरं, पण शिक्षा तिलाच होते हेही तितकंच खरं. इथे रोजदंडापेक्षा समाजसेवा बरी. ती त्यालाच करावी लागते, बायकोला त्याच्या जागी झाडू घेऊन उभं करता येत नाही. न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये, म्हणजे दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तनाला, समाजसेवेची शिक्षा आता आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांहून कमी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत केली असेल, तर चोरीलाही आहे. किती तास, कुठे, देखरेख कोणाची, हजेरी कोण लावणार, हे संहितेत लिहिलेलं नाही. ग्रामपंचायत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी ते जोडून दिल्याशिवाय न्यायाधीश ही शिक्षा देताना कचरणारच.

इंग्लंडमध्ये ही पद्धत का फसली

इंग्लंडने असाच दंड ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू केला आणि १९९३ मध्येच गुंडाळला. गुन्ह्याला १ ते ५० एकके, एका एककाला ४ ते १०० पौंड. उत्पन्नाचा अर्ज भरला नाही तर थेट कमाल दर. अशाच एकाला चिप्सचं रिकामं पाकीट रस्त्यात टाकल्याबद्दल १,२०० पौंड दंड झाला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि पद्धतच बदनाम झाली. मध्यमवर्गालाही वाटू लागलं की श्रीमंत म्हणून आपल्यालाच धरलं जातंय.

यात आपल्याला घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. कागद आणला नाही म्हणून सर्वात वरचा दर लावायचा नाही. आपल्याकडे कागद नसतो तो बहुधा गरिबाकडेच. आणि कचरा टाकणं, हेल्मेट नसणं असल्या बारक्या गोष्टींना छोटा ठरावीक दंडच ठेवायचा. फिनलंडमध्येही वेगमर्यादा थोडीशी ओलांडली तर ठरावीक दंडच लागतो.

तरीही न भरणाऱ्याचं काय?

रोजदंड असलेल्या देशांतही शेवटचा उपाय कैदच आहे, हे लपवून उपयोग नाही. जर्मनीत पूर्वी एक न भरलेला रोज म्हणजे एक दिवस कैद असा हिशेब होता. बेघर, व्यसनी, कोर्टाचं पत्रच न उघडणारी माणसं आत जात राहिली. १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे दोन रोजांना एक दिवस कैद असं केलं, शिवाय कैदेऐवजी काम करून दंड फेडता येतो. म्हणजे रक्कम योग्य ठरवून काम संपत नाही. हप्ते, आठवण, आणि भरू न शकणारा कोण व मुद्दाम न भरणारा कोण हे तपासणं, तिन्ही लागतात. आपल्या कायद्यात कैद सुरू करण्याआधी हा तपास सक्तीचा नाही. माझ्या मते रोजदंड यायचा तेव्हा येवो, हा एक बदल त्याआधीच व्हायला हवा.

कायदा कोण बदलणार, हाही प्रश्न येतो. न्याय संहिता संसदेची आहे. पण जुगार प्रतिबंधक कायदा, १९४९ चा दारूबंदी कायदा, १९५१ चा पोलीस कायदा हे महाराष्ट्राचे स्वतःचे आहेत. विधानसभा त्यांत रोजदंड घालून सुरुवात करू शकते.

तोवर आज कोर्टात काय मागता येतं

शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला बोलू दिलं जातं. त्या पेशीला ‘साहेब, माफ करा’ एवढंच म्हणून थांबू नका. कमाई किती, खाणारी तोंडं किती, कर्ज किती, हे वकिलामार्फत लेखी द्या. सोबत जॉब कार्ड, शिधापत्रिका, सातबारा आणि ८-अ, बँकेच्या थकबाकीचा कागद. दंडाला वरची मर्यादा लिहिलेली नसेल तिथे तो अवाजवी नसावा असं कलम ८ च सांगतं, आणि दंडाऐवजी कैद ठरवताना आरोपीची परिस्थिती पाहणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे असं शांतीलाल खटल्यात म्हटलं आहे.

शिक्षा फक्त दंडाची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४६४ खाली ३० दिवसांची मुदत, किंवा दोन-तीन हप्ते मागा. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत, पुढचे ३० दिवसांपेक्षा जास्त अंतर न ठेवता. जातमुचलका लिहून द्यावा लागतो. न्यायालय हे आपणहून देईलच असं नाही, मागावं लागतं.

माणूस आत गेलाच, तर थोडे पैसे भरूनही फायदा होतो. चार महिन्यांच्या कैदेवर दंडाची पाऊण रक्कम पहिल्या महिन्याच्या आत भरली, तर एकच महिना भोगावा लागतो. पूर्ण रक्कम जमेपर्यंत थांबू नका. कोर्टात भरून पावती त्याच दिवशी कारागृहात पोचवा.

दंडाची वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते, पण त्या वॉरंटावर अटक करता येत नाही. कोणी तशी धमकी दिली तर हे लक्षात ठेवा.

पैसे अजिबातच नसतील तर केंद्र सरकारची गरीब कैद्यांना साहाय्य करणारी योजना २०२३ पासून आहे. दंडासाठी अडकलेल्या कैद्याला त्यातून २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आदींच्या समितीपुढे प्रकरण जातं. ते कारागृहातून सुरू व्हायला हवं, पण घरच्यांनी तालुका विधी सेवा समितीत किंवा १५१०० या क्रमांकावर सांगितलं तर लवकर हलतं. फोन करताना कैद्याचं नाव, कारागृह, खटल्याचा क्रमांक आणि दंडाची रक्कम हाताशी ठेवा. कोठडीतल्या माणसाला, बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सरकारी वकिली मदत मोफत आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.